गोळी लिहिली, रात्र तशीच

आमच्या भागातल्या डॉक्टरांत सध्या मेलॅटोनिनवरून, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं कळवणाऱ्या हार्मोनच्या गोळीवरून, दोन तट पडले आहेत. आयसीयूतल्या पेशंटला डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा बुद्धीचा गोंधळ, होऊ नये म्हणून रोज रात्री मेलॅटोनिन द्यावं की देऊ नये, हा वाद. परवा जळगावात डॉक्टरांच्या एका बैठकीत तो पुन्हा पेटला. एका बाजूचं म्हणणं, "नैसर्गिक हार्मोन आहे, स्वस्त आहे, नुकसान काही नाही, मग द्यायला काय जातं?" दुसऱ्या बाजूचं म्हणणं, "ऑस्ट्रेलियात मोठी चाचणी झाली, उपयोग शून्य निघाला, विषय संपला." तासभर टक्केवाऱ्यांची फेकाफेक झाली. पण ही गोळी ज्या खोलीत दिली जाते तिथे रात्री अकरा ते पहाटे पाच काय चालतं, याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मेलॅटोनिन सरसकट दिल्याने डिलिरियम टळतो असं मानायला आज पुरेसा आधार नाही. म्हणून 'डिलिरियम प्रतिबंध' या नावाखाली ते प्रत्येक केसपेपरवर छापील ओळीसारखं येऊ नये. एखाद्या पेशंटचे दिवस-रात्र उलटेपालटे झालेत म्हणून डॉक्टरांनी विचार करून चार रात्री दिलं, तर माझी हरकत नाही. हरकत आहे ती गोळीला प्रतिबंध म्हणण्याला. कारण एकदा प्रतिबंध झाला असं कागदावर उमटलं, की प्रतिबंधाची खरी कामं करायला कुणी उरत नाही.

डिलिरियम म्हणजे काय हे डॉक्टर नसलेल्या वाचकांना वेगळं सांगायची फारशी गरज नाही. प्रत्येक घरात कुणीतरी ते पाहिलेलं असतं. न्यूमोनियासाठी भरती केलेले आबा तिसऱ्या रात्री अचानक सलाइन उपसून काढतात. विहिरीवरची मोटार चालू राहिली, पाणी वाया चाललं, म्हणून पलंगावरून उतरायला बघतात. सख्ख्या मुलाला ओळखत नाहीत. "माले घर लई चला" हे एकच वाक्य शंभरदा म्हणतात. घरचे म्हणतात वात झाला. कुणी म्हणतं बाहेरचं लागलं, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून आलेले लोक हळूच विचारतात, भगताला एकदा आत येऊ द्याल का? मला या प्रश्नाचा राग येत नाही. माणूस दोन दिवसांत असा पालटतो, की त्याच्यात दुसरं कुणी शिरलं असं वाटणं साहजिक आहे. राग येतो तो दुसऱ्या प्रकाराकडे झालेल्या दुर्लक्षाचा. बरेचसे पेशंट आरडाओरडा करतच नाहीत. ते गप्प पडून राहतात, डोळे उघडे, नजर हरवलेली. हाक मारली तर उशिरा 'हां' म्हणतात. राउंडला त्यांच्याबद्दल 'पेशंट शांत आहे' अशी नोंद होते. हाही डिलिरियमच, आणि तो बहुतेक वेळा निसटतो.

हा चार दिवसांचा गोंधळ समजून सोडून देता येत नाही. २००४ साली अमेरिकेत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांचा अभ्यास झाला. ज्यांना डिलिरियम झाला त्यांच्यातले ३४ टक्के सहा महिन्यांत दगावले; ज्यांना झाला नाही त्यांच्यातले १५ टक्के. आजाराची तीव्रता वगैरे हिशेबात धरूनही फरक उरला. २०१३ साली ८२१ पेशंटांच्या अभ्यासात ७४ टक्क्यांना आयसीयूत कधी ना कधी डिलिरियम झालेला आढळला. डिलिरियम जितका लांबला तितकी पुढे बुद्धी मंदावलेली दिसली. घरी गेल्यावर तीन महिन्यांनीसुद्धा चारांतल्या एकाची स्मरणशक्ती आणि समज सौम्य अल्झायमरच्या पेशंटाइतकी खालावलेली होती. म्हणजे बिल भरून, नारळ फोडून घरी नेलेला माणूस दुकानाचा हिशेब जमेना म्हणून गप्प बसतो, आणि घरचे म्हणतात वय झालं. एवढं मोठं नुकसान एका गोळीने टळत असेल तर कोण नाही म्हणेल?

गोळीच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही, म्हणून तो नीट मांडायला हवा. १९५८ साली येल विद्यापीठात एरन लर्नर यांनी गाईंच्या पिनिअल ग्रंथींतून हा पदार्थ वेगळा काढला. अंधार पडला की मेंदूतली ही ग्रंथी मेलॅटोनिन सोडू लागते, मध्यरात्रीनंतर त्याची पातळी शिगेला जाते, उजेड पडला की ओसरते. शरीराला रात्र झाल्याचं ते कळवतं. आयसीयूत, विशेषतः सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग शरीरभर भिनलेल्या, पेशंटांत, ही भरती-ओहोटीच सपाट झालेली सापडते. मग बाहेरून थोडं मेलॅटोनिन देऊन ताल परत आणावा, ही कल्पना अगदी सरळ आहे. तिला सुरुवातीला बळही मिळालं. कॅनडात २०११ मध्ये १४५ वृद्धांवर झालेल्या चाचणीत अवघ्या अर्ध्या मिलिग्रॅमने डिलिरियम ३१ टक्क्यांवरून १२ वर आला. जपानमध्ये २०१४ साली मेलॅटोनिनसारखंच काम करणाऱ्या रॅमेल्टिऑनने तर तो ३२ टक्क्यांवरून ३ वर आणला. त्यातच आधीच्या औषधांची निराशा झालेली. हॅलोपेरिडॉल हे भ्रम शांत करायचं इंजेक्शन आम्ही वर्षानुवर्षं टोचत आलो. २०१८ मध्ये एका मोठ्या चाचणीत ते डिलिरियम टाळत नाही असं दिसलं आणि त्याच वर्षी दुसरीत झालेला डिलिरियम आटोक्यात आणत नाही असंही. अशा वेळी निरुपद्रवी, चार पैशांची गोळी हाती आली तर डॉक्टरांना हायसं वाटणं स्वाभाविक आहे. शिवाय २०२५ मध्ये अमेरिकेतल्या क्रिटिकल केअर संस्थेने सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत आयसीयूतल्या प्रौढांना मेलॅटोनिन द्यायला सशर्त पसंती दिली आहे. या सूचनेचा कागद त्या बैठकीत सगळ्यांच्या तोंडावर फडकवला गेला. ती पसंती झोपेच्या प्रकरणातली आहे आणि कमी खात्रीच्या पुराव्यावर आहे, एवढं मात्र फडकवणाऱ्यांनी वाचून दाखवलं नाही.

आता मोठ्या चाचण्या पाहू. आधीच्या दोन्ही लहान होत्या: कॅनडाची १४५ पेशंटांची, जपानची तर फक्त ६७ जणांची. इतक्या लहान चाचण्यांत असा दणदणीत फरक दिसला की अनुभवी माणसाने आनंदापेक्षा संशय जास्त धरावा. २०१४ साली नेदरलँड्समध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या ३७८ वृद्धांचे निकाल आले: मेलॅटोनिन घेतलेल्यांत डिलिरियम २९.६ टक्के, न घेतलेल्यांत २५.५. आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १२ आयसीयूंमधल्या सुमारे ८५० पेशंटांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. रात्री नऊ वाजता चार मिलिग्रॅम, जास्तीत जास्त चौदा रात्री. डिलिरियम नसलेल्या तपासण्यांचं प्रमाण मेलॅटोनिन गटात ७९.२ टक्के, औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या गटात ८०. इतका निरस निकाल क्वचित वाचायला मिळतो. सगळ्या चाचण्यांची बेरीज केली तर काटा अजून गोळीकडे थोडा कलतो हे खरं. पण तो कलवणारं वजन प्रामुख्याने लहान चाचण्यांचं आहे.

असं का व्हावं? माझ्या समजुतीने उत्तर मेलॅटोनिनच्या कामातच आहे. ते गुंगीचं औषध नव्हे, ते फक्त रात्र झाल्याची सूचना देतं. भुसावळ जंक्शनला सिग्नल हिरवा केला, पण पुढच्या रुळावर मालगाडी उभी असेल, तर सिग्नलमध्ये दोष काढून उपयोग नाही आणि तो दोनदा हिरवा करूनही उपयोग नाही. ज्याच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला आहे, ऑक्सिजन ८५ वर आहे, सोडियम घसरलं आहे, लघवी तुंबली आहे, त्याच्या मेंदूचा गोंधळ रात्रीच्या सूचनेअभावी झालेला नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा भरती होणाऱ्या म्हाताऱ्या माणसांपैकी कितीतरी जण पाणी आणि क्षार कमी पडल्याने बरळत असतात. कापसावर फवारायचं औषध पोटात गेलेला पोरगा दोन दिवस अॅट्रोपिन या उताऱ्याच्या औषधावर असतो. तो हवेत हात फिरवून नसलेल्या वस्तू पकडू लागला तर बहुधा अॅट्रोपिनचा डोस जास्त झालेला असतो. दारू अचानक बंद झाल्याने चौथ्या दिवशी थरथरणाऱ्या, साप-विंचू दिसणाऱ्या पेशंटचं प्रकरण आणखी निराळं. तिथे थायमिन आणि लोराझेपामसारखी औषधंच लागतात. या सगळ्यांच्या केसपेपरवर रात्री नऊला मेलॅटोनिन लिहिणारा डॉक्टर नेमका कशाला प्रतिबंध करतो आहे?

इथे एक आक्षेप येतो, आणि तो बैठकीत कुणी घेतला नाही याचं मला आश्चर्य वाटतं, कारण गोळीच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा तोच आहे. ऑस्ट्रेलियात व्हेंटिलेटरवरच्या पेशंटामागे साधारण एक नर्स असते. तिथली रात्र आधीच बरी. तिथे गोळीला करायला काही उरलंच नसेल. आमच्याकडे एक सिस्टर पाच-सहा पलंग बघते, दिवे रात्रभर जळतात, शेजारच्या पलंगावर मध्यरात्री सीपीआर चालू असतो. मग गोळीचा फायदा व्हायचा तो इथेच जास्त होईल, नाही का? असेलही. पण याच्या उलटही तितकंच पटण्यासारखं आहे: डोळ्यांवर ट्यूबलाइट आणि शिरेत मिडाझोलाम हे गुंगीचं औषध चालू असताना चार मिलिग्रॅम मेलॅटोनिनचं कोण ऐकणार? दोन्ही अंदाजच आहेत, आणि अंदाजावर सरसकट उपचार करायचे नसतात. आमच्याकडे चाचण्या होत नाहीत ही सबब तर आता चालणारच नाही. २०२० सालच्या एप्रिल ते जुलैत, लॉकडाऊनच्या ऐन गदारोळात, आयसीएमआरने ३९ सरकारी-खाजगी रुग्णालयांतल्या ४६४ कोविड पेशंटांवर प्लाझ्माची चाचणी पुरी केली. उपयोग होत नाही हे त्याच वर्षी छापूनही आलं. तरी प्लाझ्मा सरकारी सूचनांतून निघाला २०२१ च्या मे महिन्यात. मधल्या काळात नातेवाइकांनी प्लाझ्मासाठी किती गावं पालथी घातली, किती फोन फिरवले, हे इथल्या प्रत्येक तालुक्याला आठवत असेल. तेव्हाही युक्तिवाद हाच होता: नुकसान तर नाही ना?

'नुकसान काय?' या प्रश्नाला वैद्यकाच्या इतिहासाने दिलेली उत्तरं फार कडू आहेत. डोक्याला मार लागला की स्टेरॉइड द्यायचं, हे तीसेक वर्षं चालू होतं. मेंदूची सूज उतरेल, स्वस्त आहे, दोन दिवसांत काय बिघडणार. अखेर दहा हजार पेशंटांवर चाचणी झाली. २००४ साली निकाल आला: दोन आठवड्यांत मृत्यू स्टेरॉइडवाल्यांत २१.१ टक्के, दुसऱ्या गटात १७.९. मेलॅटोनिन असं घातक निघेल असं मी मुळीच म्हणत नाही. आजवरच्या चाचण्यांत ते बऱ्यापैकी सुरक्षित दिसलं आहे. मुद्दा एवढाच, की 'नुकसान नाही' हेसुद्धा सिद्ध करावं लागतं, गृहीत धरता येत नाही. डबीत नेमकं काय आहे हाही प्रश्न राहतोच. कॅनडात २०१७ साली दुकानांतली ३१ मेलॅटोनिन उत्पादनं तपासली, तर लेबलवरच्या आकड्यापेक्षा ८३ टक्के कमीपासून ४७८ टक्के जास्तीपर्यंत काहीही निघालं, आणि चौथ्या हिश्श्यात चक्क सेरोटोनिन हे दुसरंच रसायन सापडलं. आमच्याकडे नातेवाईक 'झोपेची नॅचरल गोळी' म्हणून रंगीत डबी घेऊन येतात आणि ती नळीतून द्या म्हणतात. या डब्यांवर माझा का विश्वास बसावा?

पण खरं नुकसान गोळीच्या आत नाही, केसपेपरवर आहे. आयसीयूचं काम याद्यांवर चालतं. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून हेपॅरिन: लिहिलं. पोटात व्रण होऊ नये म्हणून पॅन्टोप्राझोल: लिहिलं. डिलिरियम होऊ नये म्हणून मेलॅटोनिन: लिहिलं. तीन ओळी, तीन टिकमार्क. पहिल्या दोन कामांना औषध पुरतं, म्हणून तिसऱ्यालाही पुरलं असं वाटतं. मग मिडाझोलामचा ड्रिप का चालू आहे हे सकाळच्या राउंडला कुणी विचारत नाही. हात बँडेजने रेलिंगला बांधलेले कुणाला खटकत नाहीत. आजोबांचा चष्मा आणि कवळी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नातेवाइकांकडे दिलेली असते. माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही, आणि आपण त्याला विचारतो, 'तुम्ही कुठे आहात?'

हे लिहिल्यावर दुसऱ्या तटाला वाटेल मी त्यांची झाले. तर त्यांचंही थोडं उणंदुणं काढायला हवं. 'गोळ्या नकोत, उजेड द्या, नातेवाइकांना आत घ्या, डिलिरियम पळेल' असं जे सहजपणे सांगितलं जातं, तेही तपासून पाहिलेलं आहे. नेदरलँड्समध्ये ७३४ पेशंटांवर दिवसा प्रखर, दिवसभर बदलत जाणाऱ्या प्रकाशयोजनेची चाचणी झाली, २०१६ साली निकाल आला: प्रकाश मिळालेल्यांत डिलिरियम ३८ टक्के, न मिळालेल्यांत ३३. ब्राझीलमध्ये ३६ आयसीयूंत नातेवाइकांना दिवसाला बारा तासांपर्यंत बसू दिलं. २०१९ चा निकाल: डिलिरियम १८.९ विरुद्ध २०.१ टक्के, म्हणजे मोजण्यासारखा फरक नाही. गोळी हरली म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी या दोन निकालांवर मौन बाळगलं, तर त्यांच्या विज्ञाननिष्ठेचं काय करायचं?

मग माझ्या युक्तिवादाचं काय उरतं? उरतं ते असं. डिलिरियमला एक कारण नसतं, म्हणून एकेकटा उपाय तोकडा पडतो, मग तो गोळी असो की दिवा. जिथे बऱ्याच गोष्टी एकदम केल्या गेल्या तिथे फरक दिसला आहे. १९९९ साली येलमध्ये ७० वर्षांवरच्या ८५२ पेशंटांपैकी काहींना चष्मा-श्रवणयंत्र हाताशी देणं, पाणी पाजणं, दिवसातून अनेकदा चालवणं, तारीख-वार-जागा सांगत राहणं, रात्री झोपमोड टाळणं, असं सगळं मिळून केलं. डिलिरियम १५ टक्क्यांवरून ९.९ वर आला. ते साध्या वॉर्डातले पेशंट होते, हे मान्य. आयसीयूबद्दल बोलायचं तर २००९ मध्ये व्हेंटिलेटरवरच्या १०४ पेशंटांना गुंगी रोज थांबवून पहिल्या दिवसांतच बसवायला-उठवायला सुरुवात केली, तेव्हा डिलिरियमचा काळ चार दिवसांवरून दोनवर आला. २०१९ साली अमेरिकेतल्या ६८ आयसीयूंमधल्या १५,००० हून अधिक पेशंटांच्या नोंदींत दिसलं, की वेदना, गुंगी, श्वास, हालचाल, कुटुंब यांची कामं एका दिवशी जितकी जास्त झाली तितका दुसऱ्या दिवशी डिलिरियम कमी. यात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. जे पेशंट मुळात बरे होते त्यांच्यावर जास्त कामं करता आली असतील, ही शंका रास्त आहे. तरीही मला या कामांना आणि गोळीला एकाच तराजूत घालणं पटत नाही. वेदना कमी करायला, तहानलेल्याला पाणी द्यायला, बांधलेले हात सोडायला डिलिरियमची टक्केवारी कशाला लागते? ब्राझीलच्या चाचणीत डिलिरियम घटला नाही, पण नातेवाइकांची चिंता आणि निराशा स्पष्ट कमी झाली, आणि आयसीयूतला जंतुसंसर्ग वाढला नाही. 'नातेवाईक आत आले की इन्फेक्शन येतं' असं सांगून आम्ही जी दारं बंद ठेवतो, त्यांच्यावर हा शेवटचा निष्कर्ष मोठ्या अक्षरांत लावावा.

खानदेशात या कामांना आणखी एक पदर आहे, त्याचा उल्लेख परदेशी सूचनांत कुठून असणार? डिलिरियम ओळखायची जगभर वापरली जाणारी पद्धत म्हणजे कॅम-आयसीयू. २००१ पासून आहे. दहा अक्षरं वाचून दाखवायची, ठरलेलं अक्षर आलं की पेशंटने हात दाबायचा. मग दोन-चार साधे प्रश्न: दगड पाण्यावर तरंगतो का? समुद्रात मासे असतात का? आता धडगावहून आलेल्या, फक्त पावरी बोलणाऱ्या, अक्षर न शिकलेल्या सत्तरीच्या माउलीला हे पुस्तकी मराठीत किंवा हिंदीत विचारा. ती उत्तर देणार नाही. तिला डिलिरियम आहे, की तिला प्रश्नच कळला नाही? चित्रं दाखवून लक्ष तपासायची सोय त्याच पद्धतीत आहे, पण ती किती ठिकाणी वापरतात? साक्री-अमळनेरकडची अहिराणी, यावल-रावेरकडची लेवा बोली, अक्कलकुव्याची भिली: आमच्या आयसीयूत रात्री ड्युटीला असलेला निवासी डॉक्टर बऱ्याचदा मराठवाड्याचा, विदर्भाचा नाहीतर पार राजस्थानचा. "आज कोणता वार शे?" एवढं विचारणारं माणूस बाहेर व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपलेलं असतं, आणि आत आम्ही पेशंटला 'डिसओरिएंटेड' लिहितो. पेशंटची बोली बोलणारी सून किंवा नातू पंधरा मिनिटं आत घेतला तर निदान तरी खरं होईल. प्रतिबंध त्यानंतरची गोष्ट; ज्याचं मोजमापच चुकतं त्याला प्रतिबंध झाला की नाही हे कोण ठरवणार?

आयसीयू ही कल्पना जन्मली तेव्हाची एक हकीकत इथे आठवते. १९५२ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या मुलांसाठी यंत्रं पुरेनात. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने घशात नळी घालून रबरी फुगा हाताने दाबायचा मार्ग काढला. तो दाबायला वैद्यकीय विद्यार्थी आले, साथभर मिळून सुमारे दीड हजार. पाळ्या लावून, रात्रंदिवस, एका पेशंटजवळ एक जण. तो मुलाशी बोलायचा, त्याला वाचून दाखवायचा, त्याच्या डोळ्यांवरून त्याला काय हवं ते ओळखायचा. पुढे हाताची जागा व्हेंटिलेटरने घेतली, ते उत्तमच झालं. पण यंत्राने फक्त फुगा दाबायचं काम उचललं होतं. बोलण्याचं, ओळखण्याचं काम कुणाकडेच गेलं नाही.

'हे सगळं ऐकायला गोड आहे, पण माणसं कुठून आणायची?' हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो आणि तो टाळण्यासारखा नाही. सरकारी महाविद्यालयांत नर्सच्या जागा रिकाम्या, खाजगीत पगार तुटपुंजे. जन आरोग्य योजनेत पैसे मिळतात ते आजाराच्या आणि शस्त्रक्रियेच्या पॅकेजनुसार. रात्री दिवे मालवल्याचं, पेशंटला खुर्चीत बसवल्याचं वेगळं बिल होत नाही. गोळीचं होतं. अर्थकारण गोळीच्या बाजूने आहे, हे मी कबूल करते. पण यादीतली सगळीच कामं माणसं मागत नाहीत. मिडाझोलाम बंद करायला जादा नर्स लागत नाही, डॉक्टरांचं धाडस लागतं. खाज आली, रक्त चढवलं, झोप येत नाही, अशा प्रत्येक निमित्ताने म्हाताऱ्या माणसाला दिलं जाणारं एव्हिल किंवा फेनरगन हे अॅलर्जीचं औषध न दिल्याने उलट एक इंजेक्शन वाचतं. या औषधांनी बुद्धीचा गोंधळ वाढतो हे पाठ्यपुस्तकात आहे. पहाटे चारला स्पंजिंग आणि रक्त घ्यायची प्रथा ही रात्रपाळीने काम उरकून द्यावं म्हणून पडलेली आहे, पेशंटच्या आजाराने नव्हे. ती सहावर ढकलायला एका सहीचं परिपत्रक पुरतं. आणि माणसं खरोखर नाहीत का? प्रत्येक पलंगामागे दोन-तीन माणसं दाराबाहेर बसलेली आहेत, ज्यांना आम्ही सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं आत सोडतो. त्यांना नर्सचं काम द्या असं मी म्हणत नाही. चष्मा लावणं, पाण्याचा घोट देणं, वार सांगणं, हात धरून बसणं, म्हणजे हात बांधावा लागणार नाही, एवढं त्यांना दहा मिनिटांत शिकवता येतं. मोबाइलवर रील पाहू नका हेही सांगावं लागेल, त्याला इलाज नाही.

राहता राहिला मेलॅटोनिनचा निकाल. तो लावायचा असेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार इथे तीन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. गोळी स्वस्त आहे, खोटी गोळी त्याहून स्वस्त. अहिराणी, लेवा, भिली, पावरीत आणि चित्रांवर तपासणी बेतून घ्यावी, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत, वर्षा-दीड वर्षात उत्तर हाती येईल. आमच्या पेशंटांत फरक दिसला तर मी स्वतः सरसकट लिहायला लागेन. फक्त अशी चाचणी कोणत्याही नैतिकता समितीपुढे नेली तर समिती पहिला प्रश्न विचारेल: दोन्ही गटांना किमान काळजी सारखी मिळणार आहे ना? रात्री अनावश्यक गुंगी नाही, अनावश्यक दिवे नाहीत, हात बांधलेले नाहीत, हे दोन्हीकडे आधी पाळावं लागेल, नाहीतर पुढे काय मोजलं ते कुणालाच कळणार नाही. म्हणजे ज्यांना गोळीच सिद्ध करायची आहे त्यांनाही सुरुवात मिडाझोलामच्या ड्रिपपासून आणि दिव्याच्या बटणापासूनच करावी लागणार. ती आजच्या रात्रपाळीपासून करायला समितीची परवानगी लागत नाही.